आधी तक्रारीची पोच द्या: नाशिकच्या जिल्हास्तरीय सल्लागार समितीला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, अग्रणी बँक व्यवस्थापक आणि जिल्हास्तरीय सल्लागार समितीचे सर्व सदस्य,
नाशिक.

विषय: ग्राहकाच्या पैशाच्या संरक्षणाचे नवे नियम शाखेच्या काउंटरवर लागू होण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

दर तीन महिन्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपली बैठक होते. बँकांचे जिल्हा समन्वयक, नाबार्ड आणि रिझर्व्ह बँकेचे अधिकारी, सरकारी खात्यांचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसतात. पीककर्जाचे उद्दिष्ट, ठेवींच्या तुलनेत कर्जवाटप, मुद्रा, स्वनिधी या सरकारी कर्जयोजनांचे तक्ते समोर असतात. ग्राहकाच्या पैशाशी संबंध असलेली जिल्ह्यातली इतकी माणसे एकत्र येतील अशी दुसरी जागा मला माहीत नाही. म्हणून हे पत्र मुंबईला किंवा दिल्लीला न पाठवता तुम्हाला लिहीत आहे. दिल्ली-मुंबईने आपले काम बरेचसे केले आहे. उरलेले काम नाशिकमध्ये आहे आणि ते तुमच्या हातातले आहे.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षे काउंटरवर आणि आवक-जावक टेबलावर गेली. आता संध्याकाळी सिडकोतल्या एका वाचनालयात बसते. कुणाच्या खात्यातून पैसे गेलेले असतात, कुणाची ठेव अडकलेली असते, कुणाच्या दारात हप्त्याचा माणूस बसलेला असतो. लोक पिशवीभर कागद घेऊन येतात. त्या पिशवीत पासबुक असते, आधार कार्डाच्या प्रती असतात, जुन्या पावत्या असतात. आपण तक्रार केली होती हे सांगणारा शिक्क्याचा कागद मात्र त्यात जवळपास कधीच नसतो. या पत्रात मला एवढ्याच गोष्टीबद्दल बोलायचे आहे.

नियम खूप बदलले, आणि बहुतेक चांगल्यासाठी बदलले, हे आधी मोकळेपणाने सांगते. बँकेतल्या ठेवीवरचा विमा १९९३ पासून १ लाखावर थांबला होता. तो ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाला. बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी, अशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. त्याआधी बँक अवसायनात निघेपर्यंत ठेवीदार वर्षानुवर्षे ताटकळत असत. नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि माणूस जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येऊ लागली. कंपनीचे कार्यालय चेन्नईला असो की गुरुग्रामला, नाशिकच्या माणसाला नाशिकमध्ये दाद मागता येते. १२ नोव्हेंबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना आली, म्हणजे बँका आणि वित्तसंस्थांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा एकच दरवाजा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचे पत्रक देणे सक्तीचे झाले. त्यात सगळे खर्च धरून वर्षाला नेमका किती टक्के भार पडतो ते लिहावे लागते. थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज चढवून त्याच्यावर पुन्हा व्याज लावायची रीत २०२४ पासून बंद झाली. दंड आकारता येतो, पण त्याचे व्याज होत नाही. मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले संपर्क आणि फोटो चाळू नयेत, असा नियम २०२२ मध्ये झाला.

आमच्या जिल्ह्यासाठी मला सर्वांत मोठा वाटणारा बदल १ नोव्हेंबर २०२५ चा आहे. त्या दिवसापासून राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या. विकास सोसायटीच्या मार्फत ज्यांचा सारा व्यवहार चालतो अशा कळवण, येवला, सिन्नरच्या शेतकऱ्याला याआधी हा दरवाजाच नव्हता. वाचनालयात येणाऱ्या शेतकऱ्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलेले असते. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रके मोडीत काढून त्यांतले चालू नियम २४४ निर्देशांमध्ये एकत्र केले. म्हणजे अमुक परिपत्रक सापडत नाही, ही सबबही आता राहिली नाही.

एवढे सगळे असताना माणसे रिकाम्या हाताने का परत येतात? हे नवे नियम बारकाईने वाचले की दिसते, की प्रत्येकाच्या पोटात एक घड्याळ आहे. ३ दिवसांत कळवा. ३० दिवस उत्तराची वाट बघा. ९० दिवसांत निकाल द्या. उशीर झाला तर दिवसाला इतके रुपये भरा. यांतली बहुतेक घड्याळे ग्राहकाने बँकेला कळवले त्या क्षणी सुरू होतात. आणि कळवले याचा पुरावा ग्राहकाच्या हातात नसेल, तर ते घड्याळ सुरू झाले होते हे पुढे कुणीच मानत नाही.

सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्या मुलाचे उदाहरण देते. रात्रीतून त्याच्या खात्यातले पैसे गेले. ओटीपी त्याने कुणाला सांगितलेला नव्हता, कुठल्या लिंकवर बोट ठेवले नव्हते. सकाळी शाखा उघडताच तो दारात हजर होता. काउंटरवर त्याला सांगितले, ‘हे आमच्याकडे नाही होत, सायबरला जा, १९३० ला फोन कर.’ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगणे बरोबरच होते. पैसे पुढच्या खात्यात गोठवायचे असतील तर पहिला फोन तिथेच जायला हवा. पण पोलिसांना कळवणे वेगळे आणि बँकेला कळवणे वेगळे. मुलगा पोलिसांकडे गेला, पाळ्या सांभाळत पुन्हा गेला, अर्जाची प्रत मिळवली आणि ती घेऊन शाखेत परत आला. तोवर आठवडा उलटला होता. बँकेच्या नोंदीत त्याने कळवल्याची तारीख या दुसऱ्या भेटीची लागली. पहिल्या सकाळचा कागदच नव्हता.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात काय होते ते समितीतल्या बँकरांना मी सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले, आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यावर ग्राहकाने कामकाजाच्या ३ दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार. त्यापुढे प्रत्येक बँकेचे आपले धोरण. कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत ती रक्कम खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढायचे. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर. अगदी ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगून टाकला असला, तरी कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेचे. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असेच परिपत्रक निघाले. आणि कळवायचे कुठे, तर त्या मार्गांमध्ये स्वतःची शाखाही आहे. तक्रार घेताच क्रमांकासह पोच द्यायची आणि वेळ व तारीख नोंदवायची, हेही त्यातच आहे. म्हणजे त्या सकाळी मुलाने जे करायला हवे होते ते सगळे केले होते. काउंटरने एक ओळ लिहून शिक्का मारला नाही, आणि शून्य जबाबदारीचे प्रकरण ‘धोरणानुसार’ झाले.

काउंटरवरच्या मुलामुलींवर मला राग काढायचा नाही. मी त्या खुर्चीत बसलेली बाई आहे. शाखेत माणसे कमी, रांग दारापर्यंत, त्यात विमा आणि कार्डांची टार्गेट मानेवर. लेखी तक्रार घेतली की ती वर कळवावी लागते, वरून विचारणा होते, शाखेचे नाव तक्त्यात जाते. म्हणून तोंडी मिटवायची वृत्ती तयार होते. ‘अर्ज कशाला देताय, बघतो ना आम्ही’ हे वाक्य अनेकदा खऱ्या सद्भावनेने बोलले जाते. पण त्या सद्भावनेची किंमत ग्राहक आपल्या मुदतीतून मोजतो.

पुढचे उदाहरण निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचे. घरकर्ज पूर्ण फेडले, फेडल्याचा दाखला मिळाला, घराचे मूळ खरेदीखत मात्र परत मिळेना. ‘कागद मुंबईच्या गोडाउनला आहेत, आले की फोन करू.’ छाटणी गेली, हंगाम गेला, फोन आला नाही. दुसऱ्या कर्जासाठी त्याला तेच कागद हवे होते. १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे की कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. धनकोच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेच्या, दोषाने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर दुय्यम प्रती काढून देण्याचा खर्चही धनकोचा, त्यासाठी आणखी ३० दिवसांची सवलत. हे घड्याळ कर्ज फिटल्याच्या दिवशी आपोआप सुरू होते, त्याला अर्ज लागत नाही. तरीही भरपाई कुणी आपणहून देऊ केली नाही, आणि ती मागण्यासाठी लोकपालाकडे जायचे तर आधी संस्थेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो. बागायतदाराने शाखेच्या चकरा मारल्या होत्या, फोन केले होते. कागद एकही नव्हता.

लोकपाल योजनेची ही अट कडक आहे. आधी बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तरच वर जाता येते. त्यालाही ठरावीक मुदत आहे. मला ही अट चुकीची वाटत नाही. आधी ज्याची चूक त्याला सुधारायची संधी मिळायलाच हवी. पण अट न्याय्य ठरायची तर पहिल्या पायरीवर पोच मिळालीच पाहिजे. आणि हे काही नवे मागणे नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या ग्राहकसेवेवरील मास्टर परिपत्रकातच लिहिले होते की लेखी तक्रारीची पोच द्यावी, आणि शाखेत अशी तक्रारवही असावी जिच्या छिद्रे पाडलेल्या प्रती फाडून एक ग्राहकाला जागच्या जागी देता येईल आणि एक नियंत्रक कार्यालयाला जाईल. ती वही तुमच्यापैकी कुणाच्या शाखेत आज दर्शनी जागी आहे, हे पुढच्या बैठकीत एकमेकांना विचारा.

‘ऑनलाइन करा ना, लगेच नंबर येतो’, असे मला सांगितले जाते. ज्याला जमते त्याने जरूर करावे, तो उत्तम मार्ग आहे. पण एसटीतून निवृत्त झालेल्या ज्या वाहकाला मुदत ठेव म्हणून विम्याची पॉलिसी दिली गेली, त्याला पासवर्डही नातवाकडून घालून घ्यावा लागतो. त्याचेही थोडक्यात सांगते. निवृत्तीचे पैसे ठेवायला तो बँकेत गेला. ‘एफडीसारखंच आहे काका, वर विमा फुकट.’ घरी इंग्रजी पुस्तिका आली, ती कपाटात गेली. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हा २०२४ पासूनचा नियम त्याला दुसऱ्या हप्त्याचा फोन येईपर्यंत माहीत नव्हता. पहिल्याच महिन्यात तो शाखेत जाऊन ‘हे मला नको’ म्हणाला होता. ‘विम्याचे साहेब पुढच्या आठवड्यात येतील’, असे उत्तर मिळाले. तोंडी.

आता पतसंस्थांकडे येते, कारण माझ्या टेबलावर सर्वांत जड पिशव्या त्यांच्याच येतात.

भद्रकाली, रविवार कारंजा किंवा पंचवटीतल्या कुठल्याही बाजारपेठेत चालत गेलात तर एकाच रांगेत चार पाट्या दिसू शकतात: नागरी सहकारी बँक, पतसंस्था, बहुराज्य पतसंस्था आणि निधी कंपनी. आत सारखेच काउंटर, सारखेच पासबुक, भिंतीवर ठेवीच्या दराचा सारखाच फलक. ठेवीदाराच्या दृष्टीने चारही ‘बँकच’. कायद्याच्या दृष्टीने चौघांचे मायबाप वेगळे. नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण आणि ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा. पतसंस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली, सहकार खात्याच्या ताब्यात. तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तिची तक्रार घेत नाही. बहुराज्य संस्था दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांकडे. तिच्या सभासदांसाठी २०२३ च्या दुरुस्तीने वेगळा सहकार लोकपाल आणला. निधी कंपनी कंपनी कायद्याखाली. पैसे बुडायची वेळ आली की या चार पाट्यांमधला फरक म्हणजे साऱ्या आयुष्याच्या पुंजीचा फरक असतो. आणि तो फरक दारावर कुठेच लिहिलेला नसतो.

पतसंस्थांना मी कमी लेखत नाही. भाजीच्या हातगाडीवाल्याला बँकेने कधी दारात उभे केले नाही, तेव्हा पतसंस्थेने कर्ज दिले. पिग्मी एजंट रोज दुकानात येतो, शंभर-दोनशे रुपये घेऊन जातो, वर्षअखेर मुलीच्या फीची सोय होते. अशा अनेक प्रामाणिक संस्था नाशिकने उभ्या केल्या आहेत. पण जेव्हा एखादी डगमगते तेव्हा काय होते ते मी बघते. मुदत संपलेली पावती घेऊन माणूस जातो. ‘सध्या नूतनीकरण करून घ्या, व्याज वाढवून देतो.’ पुन्हा सहा महिन्यांनी तेच. पैसे परत मागितले होते याची नोंद कुठेच होत नाही. उलट नूतनीकरणावरच्या सहीमुळे त्याने राजीखुशीने ठेव पुढे चालू ठेवली असे दिसते.

इथे एक विषमता आहे, तिच्याकडे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांचे लक्ष वेधते. पतसंस्थेला कर्जदाराकडून वसुली करायची असेल तर तिच्या हातात सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला आहे, तो मिळाला की थेट जप्तीपर्यंत जाता येते. ठेवीदाराला आपलीच ठेव परत मिळवायला इतके जलद साधन नाही. त्याच्यापुढे ग्राहक आयोग आहे; सहकारी संस्था आणि तिचा सभासद यांच्यातला वाद ग्राहक न्यायालय ऐकू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच स्पष्ट केले आहे. प्रकरण फसवणुकीचे असेल तर १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा राज्याचा कायदा आहे, ज्यात मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना पैसे देता येतात. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो: तुम्ही पैसे परत मागितले त्याचा कागद दाखवा.

बिगर नोंदणीच्या योजनांबद्दल फार लिहीत नाही. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्यावर बंदी आहे, अशी ठेव स्वीकारली तर २ ते ७ वर्षांचा तुरुंगवास आहे. दुप्पट-तिप्पटीच्या आमिषाने या जिल्ह्यातली घरे उद्ध्वस्त झालेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. तिथे पोच मागून काही होणार नाही, तिथे पोलीस आणि जिल्हाधिकारी यांनाच वेळीच हालचाल करावी लागेल.

मायक्रोफायनान्सच्या गटकर्जाबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवे. अंबड, सातपूरच्या वस्त्यांतून आणि पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवरून बायका येतात. एकीच्या नावावर तीन-तीन कंपन्यांची कर्जे. रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ पासूनचा नियम सांगतो की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेले कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स कर्ज, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुली ठरलेल्या जागी करायची, घरी जायचे ते कर्जदार लागोपाठ दोनदा ठरल्या जागी आला नाही तरच. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. नातेवाईकांना, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही.

प्रत्यक्षात सेंटर मीटिंगला, म्हणजे गटाच्या हप्ता भरायच्या बैठकीला, एकीचा हप्ता कमी पडला की बाकीच्यांना उठू दिले जात नाही. वसुलीवाला अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून राहतो, सारी गल्ली बघत असते. बाई तक्रार कुठे करणार? कंपनीची शाखा कुठल्या तरी बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर, तिथे मॅनेजर दर काही महिन्यांनी बदललेला. कर्जाच्या कार्डावर तक्रारीचा नंबर छापलेला असतो, पण तिने ज्याच्याविरुद्ध बोलायचे तोच माणूस पुढच्या आठवड्यात हप्ता घ्यायला येणार असतो. कर्ज मंजूर करताना तिचे उत्पन्न किती लिहिले हे विचारा, तिला माहीत नसते. अनेकींच्या अर्जावरचा आकडा त्यांच्या घरात कधी आलाच नाही. त्या खोट्या आकड्यामुळे नियमातली निम्म्याची मर्यादा कागदावर पाळलेली दिसते. माझ्या मते या एका बाबीची तपासणी, काही गावे निवडून, कर्जाची कार्डे आणि अर्ज शेजारी ठेवून, या समितीने स्वतः करावी. आकडे कागदावर आहेत आणि बायका गावात आहेत. बघायचे ठरवले तर दिसेल.

भाषेचेही इथेच सांगते. मुख्य तथ्यांचे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचे आणि समजावून सांगितल्याची त्याची सही घ्यायची, असे नियमात आहे. माझ्याकडे येणारी पत्रके इंग्रजीत असतात आणि खाली मराठीत सही असते. लोकपालाच्या चंदीगडच्या केंद्रात पत्राने पाठवलेली तक्रार कोणत्याही भाषेत चालते, मराठीतही. रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या तक्रार मदत क्रमांकावर मराठीत बोलता येते. मग नाशिकमधल्या शाखेत, नाशिकच्या माणसाकडून, मराठीतला अर्ज घ्यायला का-कू का व्हावी?

तर माझी मागणी अशी आहे. समितीने पुढच्याच बैठकीत ठराव करावा की जिल्ह्यातली प्रत्येक बँक शाखा, प्रत्येक पतसंस्था आणि मायक्रोफायनान्सची प्रत्येक शाखा मराठीतली तक्रार घेईल आणि त्याच वेळी तारीख, वेळ आणि आवक क्रमांक घालून पोच देईल. कोऱ्या कागदावरची दोन ओळींची तक्रारही चालेल. वाचता-लिहिता न येणाऱ्याची तक्रार शाखेनेच लिहून घ्यावी. पैसे गेल्याची तक्रार असेल तर आधी पोच, मग १९३० चा फोन शाखेतूनच लावून द्यावा. त्या माणसाला दारातून परत पाठवू नये. नियंत्रणाचा अधिकार रिझर्व्ह बँकेचा आणि सहकार खात्याचा आहे हे मी जाणते. पण त्या दोघांची माणसे आपल्या टेबलावर असतात, आणि जो नियम आहे तो पाळा हे सांगायला नव्या अधिकाराची गरज नाही.

जिल्हा उपनिबंधकांनी पतसंस्थांच्या दारावर, नावाच्या पाटीखाली, ठळक मराठीत एक ओळ लिहायला लावावी: ‘या संस्थेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही.’ काही संचालकांना ही ओळ जड जाईल. ज्यांचा कारभार चोख आहे त्यांनी खाली आपला लेखापरीक्षणाचा वर्ग आणि थकबाकीचे प्रमाण लिहावे, लोक त्यांच्याकडे ठेवी ठेवतील. आणि मुदत संपलेली ठेव परत मागणाऱ्याचा अर्ज न घेणाऱ्या संस्थेची तपासणी आधी व्हावी. ठेव देता येत नाही याची पहिली खूण अर्ज नाकारण्यातच दिसते.

दर तिमाहीच्या तक्त्यांमध्ये एक तक्ता तक्रारींचा असावा. कोणत्या संस्थेकडे किती आल्या, ३० दिवसांत किती निकाली निघाल्या, कागद परत द्यायला उशीर झाला म्हणून किती जणांना भरपाई दिली. ज्या शाखेच्या नावापुढे वर्षभर शून्य तक्रारी असतील तिचे कौतुक करण्याआधी तिथे एकदा जाऊन या.

शेवटी, जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या अग्रणी बँक व्यवस्थापकांसाठी. रिझर्व्ह बँकेच्या अग्रणी बँक योजनेच्या सूचनांमध्ये आहे की आपण दर तिमाहीला जिल्ह्यात वेगवेगळ्या ठिकाणी जाहीर सभा घ्यावी, लोकांना बँकिंगचे नियम सांगावेत, त्यांचे म्हणणे ऐकावे आणि जमेल तितके तक्रारींचे निवारण तिथेच करावे. प्रशासन सध्या कुंभमेळ्याच्या तयारीत आहे हे शहरातल्या खणलेल्या प्रत्येक रस्त्यावर दिसते. तरी ही सभा थांबू नये. पुढची सभा शहरातल्या सभागृहात न घेता सुरगाणा किंवा पेठला, आठवडे बाजाराच्या दिवशी घ्या. तारीख निदान पंधरा दिवस आधी ग्रामपंचायतींच्या फलकांवर लागू द्या. मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या जिल्हा प्रमुखांना आणि सहकार खात्याला त्या दिवशी तिथे बसवा, आणि आलेल्या प्रत्येक तक्रारीवर तिथेच शिक्का मारा. अर्ज लिहून द्यायला मी येईन, आणि माझ्यासारखे निवृत्त बँक कर्मचारी मी सोबत आणीन. तारीख तेवढी कळवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी
सिडको, नाशिक